शुश्रूषा : लादलेली आणि निवडलेली

आपल्या समाजातील एखादी शिकलेली स्त्री चालू नोकरी सोडून परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे म्हणू लागली, की घरातील वडीलधारी माणसे तिला एक प्रश्न हमखास विचारतात. "पिढ्यान्‌पिढ्या लोकांची घाण काढली, आता चार पुस्तके शिकूनही तेच करावयाचे काय?" हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे म्हणून उडवून लावता येणार नाही. ज्यांनी तो विचारला त्यांच्या पाठीवर त्या प्रश्नाचे वळ आहेत. म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर आणि सरळ दिले पाहिजे, आणि तेवढ्यासाठीच मी आज लेखणी हाती घेतली आहे.

हा प्रश्न मी स्वतः माझ्या आईच्या तोंडून ऐकला. माझी आई एका रुग्णालयात एकोणतीस वर्षे आयाबाई होती. बेडपॅन देणे, चादरी बदलणे, रक्ताने भरलेले कपडे धुण्यास नेणे, हे तिचे काम. त्या पगारावर मी कायद्याच्या महाविद्यालयात शिकलो व वकील झालो. माझी धाकटी बहीण मराठी घेऊन एम.ए. झाली आणि नऊ वर्षे एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवीत राहिली. ज्या महिन्यात तास नाहीत त्या महिन्यात पैसे नाहीत, अशी ती नोकरी. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तिने मला सांगितले, "दादा, मी नर्सिंग करणार. भाऊ म्हणून आशीर्वाद नको. वकील म्हणून नियम सांग." त्या वेळी आईने वरील प्रश्न विचारला आणि जेवणाचे ताट बाजूला सारले.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री सुचले नाही. ते पुढे सुचले, आणि तेही आईच्याच एका जुन्या आठवणीतून. एका रात्री वॉर्डातील एका बाळंतिणीचे अंग तिला गार लागले, पायांचा रंग बदललेला दिसला. आईने धावत जाऊन तसे सांगितले. "तू तुझे काम कर," एवढेच उत्तर तिला मिळाले. पहाटे ती बाळंतीण गेली. आईचे निरीक्षण खरे ठरले; परंतु त्या रुग्णाच्या कागदावर त्याची एक ओळही नव्हती. मी वकील आहे, म्हणून मला या गोष्टीचा अर्थ एका विशिष्ट रीतीने कळतो. परिचारिकेने केसपेपरवर लिहिलेली वेळ, नाडी, रक्तदाब, दिलेले औषध, डॉक्टरांस बोलाविल्याची नोंद, ही न्यायालयात पुरावा म्हणून वाचली जाते. माझ्या आईच्या डोळ्यांनी पाहिलेले कोणी वाचणार नव्हते, कारण ते कोठे लिहिलेच गेले नव्हते. तिचे हात रुग्णालयाला हवे होते. तिचा शब्द नको होता.

लादलेले काम आणि निवडलेला व्यवसाय यांतील भेद येथे आहे. काम घाणीचे आहे की स्वच्छतेचे, हा भेद नव्हे. जन्माने वाट्यास आलेल्या कामात ज्ञान नसते, नोंद नसते, नोंदणी नसते, बढतीची पायरी नसते आणि नाही म्हणण्याची मुभा नसते. निवडलेल्या व्यवसायात या पाचही गोष्टी असतात. शल्यविशारदाचे हातही रक्ताने भरतात. पण त्याला कोणी अपवित्र म्हणत नाही, कारण त्याच्या हातामागे विद्या आणि सनद उभी असते. 1956 साली आपण जन्माने दिलेले नाकारून विचारपूर्वक निवडलेले स्वीकारले. धर्माच्या बाबतीत जे केले ते व्यवसायाच्या बाबतीत करावयास संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास मोकळीक दिलेली आहे.

आणि शुश्रूषेविषयी बोलावयाचे तर बौद्धांस दुसऱ्या कोणाकडे बघण्याचे कारण नाही. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित झालेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि त्याच्याजवळ कोणी जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतःच्या हातांनी त्याला स्नान घालण्यास मदत केली, उचलून शय्येवर ठेवले आणि नंतर भिक्षुसंघाला जाब विचारला. त्याच ठिकाणी उत्तम शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितलेले आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे, रुग्णास हितकर काय व अहितकर काय हे समजावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस धरू नये आणि रुग्णाच्या मनाला योग्य वेळी धीर देता यावा. हा क्रम लक्षात घ्या. पहिल्या दोन गोष्टी ज्ञानाच्या आहेत. किळस न धरणे त्यांच्यानंतर येते. आमच्या आयाबायांकडून किळस न धरण्याची अपेक्षा सर्वांनी केली. औषधाचे ज्ञान मात्र त्यांना कोणी दिले नाही.

असो. तत्त्व मान्य झाले म्हणजे व्यवहार सुटत नाही. ज्या बंधुभगिनींना तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी पेशा बदलून या व्यवसायात यावयाचे आहे, त्यांनी प्रथम नियम समजून घेतले पाहिजेत. बंधूंनी हे केवळ स्त्रियांचे काम आहे असे समजू नये. पुरुषांसही हा व्यवसाय खुला आहे.

या व्यवसायात शिरण्याचे तीन दरवाजे आहेत. पहिला ए.एन.एम. म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका, हा दोन वर्षांचा. दुसरा जी.एन.एम., हा तीन वर्षांचा. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग, हा चार वर्षांच्या पदवीचा. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. गुणांची अट 45 टक्के असून अनुसूचित जाती व जमातींसाठी ती 40 टक्के आहे. ज्यांनी कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी केली त्यांस हा दरवाजा बंद आहे. जी.एन.एम.ला विज्ञान शाखेस प्राधान्य असले तरी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांस मज्जाव नाही. माझ्या बहिणीपुढे म्हणूनच जी.एन.एम.चाच मार्ग होता.

परंतु त्या मार्गावर जाण्यापूर्वी ती एका खड्ड्यात पडली. एका संस्थेने "नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा, वयाची अट नाही, नोकरीची हमी" अशी जाहिरात केली होती. मला न विचारता तिने कर्ज काढून साठ हजार रुपये भरले. कायद्याने सांगितलेल्या परिषदेची मान्यता त्या संस्थेला नव्हती. तिथल्या प्रमाणपत्रावर कोणत्याही परिचर्या परिषदेत नोंदणी होणार नव्हती, आणि नोंदणीवाचून त्या कागदाची किंमत कोऱ्या कागदाएवढीच. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे एक वर्ष गेले. वाचकहो, ही चूक एकट्या माझ्या बहिणीची नाही. आपल्या वस्त्यांतून अशा जाहिराती भिंतीभिंतींवर चिकटलेल्या असतात, आणि ज्याच्या घरात पूर्वी कोणी हा मार्ग चाललेले नाही तोच त्यांना बळी पडतो. सबब, पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा : भारतीय स्तरावरील नियमांप्रमाणे व महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून या अभ्यासक्रमाला चालू वर्षाची मान्यता आहे काय, आणि उत्तीर्ण झाल्यावर माझी नोंदणी होईल काय? महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 सालचा आहे. नोंदणी हीच या व्यवसायाची सनद होय. मूळ प्रमाणपत्रे कोठेही ठेव म्हणून ठेवू नयेत आणि पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये.

आता वयाचा प्रश्न. जी.एन.एम. व बी.एस्सी. या दोन्हींसाठी प्रवेशाची कमाल वयोमर्यादा 35 वर्षे ठेवलेली आहे. जी ए.एन.एम. म्हणून आधीच नोंदणीकृत आहे तिला जी.एन.एम.साठी मात्र वयाची आडकाठी नाही. ही सवलत आमच्या अनेक आरोग्य सेविकांना ठाऊकच नसते. इतरांसाठी पस्तिसाव्या वर्षी कवाड बंद होते. याच देशात वैद्यकीय शिक्षणाच्या नीट परीक्षेची कमाल वयोमर्यादा 2022 साली काढून टाकण्यात आली. म्हणजे आज चाळीस वर्षांच्या माणसाला डॉक्टर होण्यासाठी परीक्षेस बसता येते. परंतु छत्तीस वर्षांच्या स्त्रीला परिचारिका होण्यासाठी अर्जसुद्धा करता येत नाही. हा भेद कोणत्या तर्कावर उभा आहे, हे मी कायद्याचा विद्यार्थी म्हणून शोधून पाहिले. मला तो सापडला नाही. शारीरिक कष्टाचे कारण सांगितले जाते. तसे असेल तर शारीरिक पात्रतेची तपासणी करा. वयाचा आकडा म्हणजे पात्रता नव्हे.

पुण्यात 1897 साली प्लेगची साथ आली तेव्हा मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या पुत्राच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि 10 मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय 66 वर्षांचे होते. आयुष्यभर शिक्षिका असलेल्या त्या माउलीने साथीच्या दिवसांत शुश्रूषेचे काम हाती घेतले, तेव्हा तिला कोणी जन्मतारखेचा दाखला मागितला नाही.

दुसरी अडचण पैशाची. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिने आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या उभ्या केल्या. पण तिच्या नियमांत अशी एक अट चालत आली आहे की, शिक्षणाचा एक टप्पा पार केलेल्याने त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला तर त्याला शिष्यवृत्ती मिळू नये. एका व्यवसायाचे शिक्षण पुरे करून दुसऱ्या व्यवसायाकडे वळणाऱ्यालाही तीच गत. अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा नियम समजू शकतो. परंतु ज्याला पहिल्या पदवीने भाकरी दिली नाही, त्याने दुसरी वाट धरली तर तो गुन्हा ठरतो काय? म्हणून पेशा बदलणाऱ्याने शिष्यवृत्ती गृहीत धरून प्रवेश घेऊ नये. तीन-चार वर्षांचा घरखर्च, वसतिगृह, गणवेश, पुस्तके यांचा हिशोब आधी कागदावर मांडावा आणि घरातील माणसांसमोर तो मोकळेपणाने वाचावा.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. 1990 साली 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांस केंद्राच्याही सवलती मिळू लागल्या. राखीव जागेवर प्रवेश घेताना जात प्रमाणपत्र व त्याचे वैधता प्रमाणपत्र दोन्ही मागितले जातात. पडताळणीस महिने लागतात. वय चौतीस असताना हे महिने फार महाग पडतात. तेव्हा निश्चय झाला त्याच दिवशी पडताळणीचा अर्ज करावा. प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट पाहू नये.

येथवर दरवाजाच्या आत जाण्याची गोष्ट झाली. परंतु मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे ते पुढचे. आत शिरलेला आमचा माणूस पहिल्याच पायरीवर बसून राहतो, हा आमचा जुना अनुभव आहे. रेल्वेत, गिरणीत, सरकारी कचेरीत तेच झाले. परिचर्येत तसे होऊ द्यावयाचे नसेल तर शेवटची पायरी पहिल्या दिवशीच दृष्टीसमोर हवी.

ती पायरी म्हणजे प्रगत परिचर्या. 1965 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने एक अभ्यासक्रम सुरू केला. जेथे डॉक्टर पोहोचत नव्हते तेथील मुलांना तपासण्यास, उपचार करण्यास परिचारिकाच समर्थ व्हावी, हा त्यामागील हेतू. अशा परिचारिकेस नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत तिला डॉक्टरांच्या देखरेखीवाचून रोगनिदान करण्याचा व औषध लिहून देण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग उभारण्याची भाषा आली. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला गेला. त्यास पदवीधर, नोंदणीकृत आणि किमान एक वर्ष रुग्णसेवेचा अनुभव असलेली व्यक्ती लागते. 2018 साली प्रसूतिसेवेविषयी केंद्राची मार्गदर्शक सूत्रे आली व नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण ठरले. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही संमत केला.

आता वर्षांचा हिशोब करू. विज्ञान शाखेच्या उमेदवाराला बी.एस्सी.ची चार, अनुभवाचे एक व पुढील अभ्यासक्रमाची दोन, अशी सात वर्षे लागतात. जी.एन.एम.च्या मार्गाने जाणाऱ्यास तीन, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन, अनुभवाचे एक आणि शेवटची दोन, अशी आठ. माझी बहीण चौतिसाव्या वर्षी आत गेली. म्हणजे ती बेचाळिसाव्या वर्षी त्या पायरीवर पोहोचेल. आठ वर्षे ऐकून पुष्कळांची छाती दडपते. पण ती आठ वर्षे तशीही जाणारच आहेत. तासिका तत्त्वावर गेली तर हाती काय राहील, एवढाच प्रश्न आहे. शिवाय ही सगळी वर्षे बिनपगारी नाहीत. सदतिसाव्या वर्षी ती नोंदणीकृत परिचारिका होईल. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत प्रवेशाची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 38 व मागासवर्गीयांसाठी 43 आहे. म्हणजे अधिपरिचारिकेच्या भरतीत उतरण्यासही तिला अवधी राहतो. मध्ये थांबावे लागले तरी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासारखी गावपातळीवरची जबाबदारी परिचर्येच्या पदवीधरास खुली आहे.

मात्र मी कोणाला खोटे स्वप्न दाखवणार नाही. पदवी निर्माण होणे वेगळे आणि पद निर्माण होणे वेगळे. आपल्या औषधविषयक नियमांप्रमाणे डॉक्टरी चिठ्ठीवरच मिळणारी औषधे लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचा आहे. भारतातील नर्स प्रॅक्टिशनर रुग्णालयाने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीत काम करते. अमेरिकेप्रमाणे ती स्वतंत्र नाही. तसेच खाजगी रुग्णालयांतील वेतनाचे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही दरमहा 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये. शिफारस कागदावर आली; ती अमलात आणणे राज्यांवर सोपविले गेले. नोकरीचा करार हाती आल्यावर या आकड्यांशी ताडून पाहणाऱ्या परिचारिका मला अजून फार थोड्या भेटल्या आहेत.

म्हणून केवळ शिकून भागणार नाही, मागावेही लागेल. माझ्या मते आपल्या मागण्या तीन असाव्यात. परिचर्येच्या प्रवेशाची कमाल वयोमर्यादा वैद्यकीय प्रवेशाप्रमाणेच काढून टाकावी. पेशा बदलून परिचर्येकडे येणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस शिष्यवृत्तीच्या त्या अटीतून सूट द्यावी. आणि ज्यांना नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण दिले जाते त्यांच्यासाठी शासकीय रुग्णालयांत स्वतंत्र पदे, वेतनश्रेणी व कायद्याने आखलेला औषधोपचाराचा अधिकार निर्माण करावा. या तिन्ही मागण्यांत कोणाची मेहेरबानी नाही. जेथे डॉक्टर जात नाही त्या तालुक्यांतून आपलीच माणसे मरतात.

माझी बहीण आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे कर्ज अजून फिटलेले नाही, आणि तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलींबरोबर वर्गात बसताना तिला आजही संकोच वाटतो, हे मी लपवीत नाही. पण सुटीत घरी आली की ती आईजवळ बसून वही उघडते. परवा प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा धडा चालू होता. अंग गार पडणे, नाडी जलद होणे, वर्ण पालटणे, अशी लक्षणे ती वाचीत होती. आईने तिला मध्येच थांबवले आणि म्हणाली, "हे मला ठाऊक होते. याला नाव आहे, हे ठाऊक नव्हते."

ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांना कोणी नाव सांगितले नाही, अशा आयाबाया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्या लेकी-सुनांपैकी ज्या कोणी आज हा लेख वाचीत असतील त्यांनी आपला जन्मदिनांक पाहावा, पस्तिसाला किती महिने उरले ते मोजावे आणि पडताळणीचा अर्ज उद्याच करावा.